रिफॅम्पिसिनच्या पुढेही वाचा : सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच राज्याच्या क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमातील सर्व अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी टीबीच्या कल्चर लॅबमध्ये, म्हणजे जंतू वाढवून तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, तंत्रज्ञ आहे. सतरा वर्षं हेच काम करते आहे. सकाळी कुरिअरचे खोके उघडायचे, तीन थरांच्या पॅकिंगमधून फाल्कन ट्यूब काढायच्या, फॉर्मवरचं नाव आणि निक्षय या सरकारी क्षयरुग्ण-नोंदणी पोर्टलवरचा क्रमांक जुळवायचा, बेडक्यावर प्रक्रिया करून नळ्या इनक्युबेटरमध्ये लावायच्या, आणि मग थांबायचं. क्षयाचा जंतू फार सावकाश वाढतो. ई. कोलायसारख्या जंतूला एकाचे दोन व्हायला वीस मिनिटं पुरतात. क्षयाच्या जंतूला अठरा ते चोवीस तास लागतात. त्यामुळे नळीत वाढ दिसेपर्यंत दोन-तीन आठवडे सहज जातात, आणि नळी निगेटिव्ह म्हणायची तर बेचाळीस दिवस वाट पाहावी लागते. हे पत्र त्या थांबण्याबद्दल आहे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात बीड जिल्ह्यातून एक नमुना आला. सव्वीस वर्षांची बाई, ऊसतोड कामगार. तालुक्याच्या ठिकाणी तपासणीत टीबी निघाला होता आणि रिफॅम्पिसिन या टीबीच्या नेहमीच्या उपचारातल्या प्रमुख औषधाला दाद न देणारा निघाला होता, म्हणून पुढच्या तपासण्यांसाठी दुसरा नमुना आमच्याकडे पाठवलेला. आम्ही आधी एलपीएची, म्हणजे जंतूच्या जनुकांतल्या ठरावीक खुणा शोधणारी, पट्टी केली. आयसोनियाझिड या दुसऱ्या प्रमुख औषधालाही जंतू दाद देत नव्हता. फ्लोरोक्विनोलोन गटातली औषधं चालतील असं दिसत होतं. हा रिपोर्ट आठवडाभरात गेला. तिकडे डॉक्टरांनी नियमाप्रमाणे बेडाक्विलीन या नव्या औषधासह गोळ्यांचा कोर्स सुरू केला. त्यांचं काही चुकलं नाही.

नळीत वाढ दिसली एकोणिसाव्या दिवशी. बेडाक्विलीनची तपासणी तेव्हा आमच्याकडे होत नव्हती. वाढलेला जंतू दुसऱ्या लॅबकडे पाठवायचा, तिथे तो पुन्हा वाढवायचा, मग औषध घातलेल्या नळीत तो वाढतो का ते बघायचं. पहिला नमुना आमच्या टेबलावर आल्यापासून एकाहत्तराव्या दिवशी निकाल आला : बेडाक्विलीनला रेझिस्टंट, म्हणजे दाद न देणारा. निक्षयवर तो मीच भरला.

एकाहत्तर दिवसांत काय होतं, ते बीडकडच्या माणसाला सांगायला नको. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि बायको आजारी आहे म्हणून उचल फिटत नाही. तीही गेली, महिन्याच्या गोळ्या पिशवीत घेऊन, कृष्णाकाठच्या एका कारखान्याच्या फडावर. फॉर्मवरचा मोबाइल नंबर मुकादमाचा होता आणि तो लागत नव्हता. एसटीएसने, म्हणजे क्षयरोग कार्यक्रमाच्या उपचार पर्यवेक्षकाने, गावातून, आशाताईंकडून, दुसऱ्या टोळीतल्या नातेवाइकांकडून शोध घेत तिला गाठेपर्यंत आणखी दोन आठवडे गेले. एवढे दिवस ती जे मुख्य औषध रोज न चुकता घेत होती, ते तिच्या जंतूवर चालतच नव्हतं. टीबीत एक औषध निकामी असलं की त्याचा भार सोबतच्या औषधांवर पडतो, आणि जंतूला त्यांच्याशीही झुंजायला शिकण्याची संधी मिळते. तिला हे औषध आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं. म्हणजे जंतू आला तोच बहुधा तसा आला होता, कुणा दुसऱ्याच्या छातीतून.

ती वाचली. औषधं बदलली, कोर्स पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. डाव्या फुप्फुसाचा वरचा भाग कायमचा गेला. पुढच्या फेब्रुवारीत त्याच खोपीत राहणाऱ्या तिच्या जावेचा नमुना आमच्याकडे आला. तिचाही रिफॅम्पिसिनला रेझिस्टंट.

मंत्रिमहोदय, तिला उशीर का झाला याचा मी खूप विचार केला आहे. कुणी हलगर्जी केली असती तर मी हे पत्र तुम्हाला लिहिलं नसतं, त्या माणसाच्या वरिष्ठांना लिहिलं असतं. सगळ्यांनी आपापलं काम वेळेवर केलं. उशीर आमच्या पद्धतीतच आहे : आम्ही जंतू वाढवून बघतो. आणि जंतू न वाढवता, बेडक्यातूनच थेट त्याचा जनुकीय मजकूर वाचायची सोय आज जगात आहे.

यातलं शास्त्र थोडं सांगू द्या, कारण माझी मागणी त्यावर उभी आहे.

क्षयाच्या जंतूचा संपूर्ण जीनोम १९९८ मध्ये वाचला गेला. साधारण ४४ लाख अक्षरं, चार हजारांच्या आसपास जनुकं. जंतू एखाद्या औषधाला दाद देईनासा होतो तेव्हा बहुतेक वेळा या मजकुरात कुठेतरी एखादं अक्षर बदललेलं असतं. रिफॅम्पिसिनचं उदाहरण घ्या. आरपीओबी नावाच्या जनुकात ८१ अक्षरांचा एक छोटा पट्टा आहे. रिफॅम्पिसिनला दाद न देणाऱ्या जंतूंपैकी सुमारे ९५ टक्क्यांमध्ये बिघाड त्याच पट्ट्यात सापडतो. सर्वांत जास्त आढळणारा बदल तर एका अक्षराचा आहे, 'सी'च्या जागी 'टी'. रिफॅम्पिसिनच्या बाबतीत निसर्गाने आपल्यावर मेहरबानी केली असं मी म्हणेन. खूण एकाच जागी आहे, म्हणून सीबीनॅट या जनुकीय तपासणी यंत्राचं कार्ट्रिज दोन तासांत ती शोधून देतं. गोव्यात तयार झालेलं, बॅटरीवर चालणारं ट्रूनॅटही तेच करतं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली, याचा आम्हा लॅबवाल्यांना मनापासून अभिमान आहे. या यंत्रांनी गेल्या दहा-बारा वर्षांत किती जीव वाचवले याचा हिशेब करणं कठीण आहे. त्यांच्याविरुद्ध मला एक शब्दही बोलायचा नाही.

पण ही यंत्रं ठरावीक जागाच बघतात. दरवाजाच्या फटीतून बघावं तसं. आफ्रिकेतल्या एस्वातिनी या छोट्या देशात, ज्याला आपण पूर्वी स्वाझीलँड म्हणायचो, २००९ च्या सर्वेक्षणातले नमुने नंतर तपासले तेव्हा असं निघालं की, तिथल्या एमडीआर (रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड दोन्हींना दाद न देणाऱ्या) टीबीच्या जवळपास ३० टक्के रुग्णांमध्ये बिघाड त्या ८१ अक्षरांच्या बाहेर होता. कार्ट्रिजला तो दिसतच नव्हता. रिपोर्ट येत होता की रिफॅम्पिसिन चालेल, आणि ते चालत नव्हतं.

बेडाक्विलीनची गोष्ट तर आणखी अवघड. त्याला दाद न देण्याला कारण ठरणारे बदल मुख्यतः आरव्ही ०६७८ या जनुकात होतात, आणि ते एका जागी गोळा झालेले नसतात. सबंध जनुकभर कुठेही होऊ शकतात. पायराझिनामाइड या टीबीच्याच औषधाशी संबंधित पीएनसीए जनुकाचंही तसंच. खूण कुठे असेल हेच आधी ठाऊक नसेल, तर ठरावीक जागी अडकणाऱ्या पट्टीचा काही उपयोग नाही. सगळं जनुक पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावं लागतं. हे वाचणं म्हणजेच सिक्वेन्सिंग. आरव्ही ०६७८ मधला बिघाड क्लोफाझिमिन या दुसऱ्या औषधालाही सोबत निकामी करू शकतो, म्हणजे एकाच बदलात दोन औषधं जातात. माझ्या बीडच्या बाईच्या कोर्समध्ये दोन्ही होती.

आज ज्याला टार्गेटेड सिक्वेन्सिंग म्हणतात, त्यात ४४ लाख अक्षरं वाचायची गरज नसते. औषधांशी संबंधित जनुकं बेडक्यातून थेट वाढवून घ्यायची, तेवढीच वाचायची, आणि आढळलेले बदल जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीशी ताडून बघायचे. ही यादी पहिल्यांदा २०२१ मध्ये आली; २०२३ ची दुसरी आवृत्ती ५२ हजारांहून अधिक जंतूंच्या अभ्यासावर उभी आहे. नमुना लॅबमध्ये पोहोचल्यावर काही दिवसांत डझनभर औषधांबद्दल एकाच वेळी उत्तर मिळू शकतं. मार्च २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या निदानासाठी ही पद्धत आपल्या मार्गदर्शक सूचनांत घेतली. इंग्लंडने तर मार्च २०१७ मध्येच टीबीच्या नेहमीच्या निदानात संपूर्ण जीनोम वाचायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये वर्षाला टीबीचे जेवढे रुग्ण निघतात, त्याहून कितीतरी जास्त आपल्या एकट्या मुंबईत निघतात.

आणि मुंबईला हा इशारा फार लवकर मिळाला होता. २०११ च्या अखेरीस हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांचा जंतू तपासलेल्या कुठल्याच औषधाला दाद देत नव्हता. तेव्हा वाद झाला तो नावावरून, 'टोटली ड्रग रेझिस्टंट' म्हणावं की म्हणू नये. मी त्या वेळी या कामात नवी होते. आम्हा तंत्रज्ञांच्या जेवणाच्या टेबलावरची चर्चा मात्र वेगळी होती : हे चार सापडले, कारण कुणीतरी सगळी औषधं तपासून बघितली. जिथे बघितलं नाही, तिथे किती असतील?

त्या काळात आमच्याकडे एमडीआरच्या रुग्णांना कॅनामायसिनची इंजेक्शनं असायची, सहा-सहा महिने, कधी जास्त. कानात घंटा वाजल्यासारखं होतं असं रुग्ण सांगायचे आणि मग हळूहळू ऐकू येईनासं व्हायचं. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे इंजेक्शन वापरू नका असं सांगितलं, कारण बेडाक्विलीनसारखी गोळी हाताशी आली होती. ती गोळी स्वस्त व्हावी म्हणून कोण लढलं? याच औषधोपचारात ऐकण्याची शक्ती गमावलेली मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले. मूळ कंपनीच्या पेटंटची मुदत लांबवणारा अर्ज या दोघींनी आव्हान दिल्यावर मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयाने फेटाळला, आणि कमी किमतीच्या गोळीची वाट मोकळी झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने बीपाल्म हा सहा महिन्यांचा कोर्स मंजूर केला : बेडाक्विलीन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन. पूर्वी दीड-दोन वर्षं चालणारे उपचार सहा महिन्यांवर आले. माझ्या सतरा वर्षांत यापेक्षा चांगली बातमी मी ऐकलेली नाही.

म्हणूनच मला भीती वाटते. चार औषधांचा कोर्स आहे आणि सगळा भार बेडाक्विलीनवर आहे. हे औषध जितक्या जास्त लोकांना देऊ, तितके त्याला दाद न देणारे जंतू पुढे येतील. प्रत्येक क्षय-औषधाचं आजवर हेच झालं आहे. इतक्या कष्टाने मिळालेलं औषध आपण सुरू करतो, आणि ते या माणसाच्या जंतूवर चालेल का, हे बऱ्याचदा कोर्सचा तिसरा हिस्सा उलटून गेल्यावर कळतं. सहा महिन्यांच्या उपचारात सत्तर दिवस म्हणजे किती मोठा काळ, हे वेगळं सांगायला नको.

आता साधनांबद्दल. कोविडच्या काळात या राज्याने सिक्वेन्सिंग शिकून घेतलं. पुण्यात एनआयव्ही, एनसीसीएस या संशोधन संस्था आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय, नागपुरात नीरी ही संस्था, मुंबईत कस्तुरबा रुग्णालय. कस्तुरबातली प्रयोगशाळा ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाली तेव्हा तिथलं यंत्र एका फेरीत ३८४ नमुने वाचू शकतं, असं अभिमानाने सांगितलं गेलं होतं. विदर्भातून, अमरावतीकडून वाढत्या रुग्णसंख्येच्या बातम्या येत होत्या, तेव्हा महाराष्ट्राच्याच नमुन्यांतून विषाणूतले ते बदल ठळकपणे दिसले, ज्यांच्या वंशावळीला पुढे जगाने डेल्टा म्हटलं. मुळात कोरोनाची ओळखही अशीच पटली होती. वुहानच्या एका रुग्णाच्या फुप्फुसातून धुऊन काढलेल्या द्रवातली सगळी जनुकीय सामग्री वाचली, आणि ११ जानेवारी २०२० रोजी तो मजकूर जगापुढे ठेवला गेला. कुणी जंतूचं नाव आधी सांगितलेलं नव्हतं. नमुन्यात काय आहे ते नमुन्यानेच सांगितलं.

कोविडमध्ये फुप्फुसाच्या एका संसर्गासाठी आपण जे केलं, ते दुसऱ्यासाठी का करू नये? तो संसर्ग विमानातून आला होता, मोठ्या इमारतींतही शिरला होता. टीबी बहुतेक करून चाळीत, झोपडपट्टीत, यंत्रमागाच्या शेडमध्ये आणि उसाच्या फडावर राहतो. हे लिहिताना माझा हात अडखळला, पण लिहिलंच पाहिजे असं वाटलं.

टीबीचं सिक्वेन्सिंग आपल्या देशात होतच नाही असं मी म्हणत नाही. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या 'डेअर टू इरॅड टीबी' या उपक्रमात ३२ हजारांहून अधिक जंतूंचे जीनोम वाचायचं ठरलं आहे आणि त्यातले १० हजार पूर्ण झाल्याचं जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालं. मुंबईच्या खासगी रुग्णालयांत आणि संशोधन संस्थांतही हे काम अनेक वर्षं चालू आहे. हे काम मोलाचं आहे. पण ते सर्वेक्षणाचं आणि संशोधनाचं काम आहे. साठवलेल्या जंतूंवर ते होतं, त्याचं उत्तर अहवालात जातं, तक्त्यात जातं, परिषदेतल्या सादरीकरणात जातं. ज्याच्या छातीतून तो जंतू आला, त्याच्या डॉक्टरांच्या टेबलावर ते उत्तर औषधं ठरवायच्या दिवशी येत नाही. माझ्या लॅबमध्ये येणाऱ्या फाल्कन ट्यूबच्या वाटेवर सिक्वेन्सिंग नावाचा थांबाच नाही.

माझं मागणं एवढंच आहे की, तो थांबा द्या. महाराष्ट्रात ज्याचा ज्याचा रिपोर्ट 'रिफॅम्पिसिन रेझिस्टंट' येईल, त्याचा दुसरा नमुना आज एलपीएसाठी जातो तसा त्याच दिवशी टार्गेटेड सिक्वेन्सिंगला जावा आणि निकाल निक्षयवर त्याच्या नावापुढे यावा. सगळ्या क्षयरुग्णांसाठी मी हे आज मागत नाही. रिफॅम्पिसिनला दाद न देणाऱ्यांपासून सुरुवात करा. त्यांची संख्या राज्याच्या आवाक्यातली आहे.

हे महाग आहे, हे मला मान्य आहे. सीबीनॅटच्या एका कार्ट्रिजपेक्षा बरंच महाग. पण यात खर्च कसा बसतो, ते लॅबमधल्या माणसाला विचारा. मोठं यंत्र एका नमुन्यासाठी चालवलं तर तो खर्च कुणालाच परवडणार नाही; फेरी भरली की प्रत्येक नमुन्याचा वाटा उतरतो. म्हणून जिल्ह्याजिल्ह्यात यंत्रं बसवायची गरज नाही, आणि उद्घाटनाच्या हौसेपायी ती बसवू नयेत अशी माझी कळकळीची विनंती आहे. तीन-चार ठिकाणी हे काम एकवटावं. बेडक्यातला डीएनए काढण्याचं काम आमच्यासारख्या लॅब करू शकतात, आम्ही एलपीएसाठी ते रोज करतोच. डीएनएची छोटी नळी पाठवणं हे संसर्गजन्य बेडका पाठवण्यापेक्षा सोपं आणि सुरक्षित आहे. दुसरीकडे एका रुग्णाला चुकीच्या कोर्सवर ठेवण्याचा खर्च मोजा : वाया गेलेली औषधं, पुन्हा सुरू केलेला कोर्स, बुडालेली मजुरी, आणि तेवढ्या दिवसांत खोपीत, खोलीत, लोकलच्या डब्यात लागण झालेली माणसं.

यंत्रापेक्षा मला माणसांची काळजी जास्त वाटते. सिक्वेन्सिंगचं यंत्र अक्षरं ओतून देतं, त्यांचा अर्थ लावणारा माणूस लागतो. कोविडमध्ये ही कामं ज्या मुला-मुलींनी केली, त्यांतले माझ्या ओळखीचे बहुतेक जण कंत्राटावर होते. कंत्राट संपलं, मुलं गेली. कुणी बंगळूरला, कुणी परदेशी, एक जण औषध कंपनीत विक्रीचं काम करतो. बायोइन्फर्मेटिक्सची, म्हणजे ही अक्षरं संगणकावर वाचून अर्थ लावणाऱ्यांची, कायम पदं निर्माण केल्याशिवाय आणि अभिकर्मकांसाठी (तपासणीत लागणाऱ्या रसायनांसाठी) वर्षभराची तरतूद आधीच बाजूला काढल्याशिवाय हे सुरू करू नका. किट मार्चमध्ये संपलं आणि नवं जुलैमध्ये आलं, तर मधल्या चार महिन्यांतल्या रुग्णांना आपण काय सांगणार? एलपीएच्या पट्ट्या संपल्यावर नमुने फ्रिजमध्ये ठेवून बसण्याचे दिवस मी पाहिले आहेत.

या पद्धतीच्या उणिवाही मला तुमच्यापासून लपवायच्या नाहीत, नाहीतर उद्या कुणी त्या दाखवून सगळंच मोडीत काढेल. बेडक्यात जंतू फार कमी असतील तर वाचन फसतं. लहान मुलांच्या नमुन्यांत हे वारंवार होणार. दुसरं म्हणजे, बेडाक्विलीनच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेच्या आढाव्यानुसार ही पद्धत दाद न देणारे साधारण ६८ टक्के जंतू पकडते. तिनातला एक सुटतो, कारण कुठल्या बदलाचा काय अर्थ हे आरव्ही ०६७८ बाबत अजून पुरतं उलगडलेलं नाही. माझी बीडची बाई त्या सुटणाऱ्या तिसऱ्या हिश्शात असती, अशीही शक्यता आहे. म्हणून नळ्या बंद करू नका. सिक्वेन्सिंग आलं म्हणून कल्चर लॅबची पदं कमी झाली, तर ते आजारापेक्षा वाईट औषध ठरेल. मजकूर आधी वाचावा, त्यावर औषधं ठरवावीत, आणि नळीने मागून ते पडताळावं. नळी आणि मजकूर यांची उत्तरं जुळली नाहीत की तिथेच नवं काहीतरी कळतं, आणि ती जागतिक यादी आपल्या रुग्णांसाठी अधिक खरी होते.

रिपोर्ट कसा लिहायचा, यावरही बसून विचार व्हायला हवा. जागतिक यादीत बदलांचे पाच गट आहेत आणि मधला गट 'अजून अर्थ स्पष्ट नाही' असा आहे. तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने शंभर रुग्ण बघणाऱ्या डॉक्टरांच्या हातात अशा संदिग्ध ओळी गेल्या तर ते काय करतील? एका पानावर, औषधाचं नाव आणि त्यापुढे चालेल, चालणार नाही, किंवा नळीच्या निकालाची वाट पाहा, इतकं सरळ असावं. शंका आली तर फोन करायला एक नंबर असावा आणि तो उचलला जावा.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधते, कारण तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. बेडक्याच्या स्लाइडवर लाल जंतू दिसतात, पण सीबीनॅट म्हणतं टीबी नाही, असे नमुने आमच्याकडे नेहमी येतात. नळीत वाढ होते, ओळख पटवायचं कार्ड निगेटिव्ह येतं, आणि रिपोर्टवर आम्ही तीनच अक्षरं लिहितो : एनटीएम. म्हणजे क्षयाचा नसलेला, पण त्याच कुळातला जंतू. या कुळात दीडशेहून अधिक प्रजाती आहेत. कोणती आहे, ते आम्ही सांगू शकत नाही. अनेकदा रुग्णाने तोवर टीबीच्या गोळ्या महिनोन् महिने खाल्लेल्या असतात आणि खोकला तसाच असतो. ॲब्सेसस नावाची एक प्रजाती तर अशी चिवट, की तिच्या एका जनुकाची स्थिती बघितल्याशिवाय क्लॅरिथ्रोमायसिन चालेल की नाही हे ठरत नाही. सुरुवातीला चालल्यासारखं वाटतं आणि मग चालेनासं होतं. सिक्वेन्सिंगने प्रजातीही कळते आणि हे जनुकही वाचता येतं. ज्या थांब्याची मी मागणी करते आहे, त्याच थांब्यावर यांचीही सोय होऊ शकते.

शेवटी पुन्हा त्या खोपीकडे येते. जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेला की त्याच्या मजकुरात फारसा फरक पडलेला नसतो. इंग्लंडमधल्या अभ्यासातून साधारण ठोकताळा निघाला : दोन रुग्णांच्या जंतूंत पाच किंवा त्याहून कमी अक्षरांचा फरक असेल तर लागण अलीकडे एकमेकांत झाली असण्याची शक्यता मोठी, बारांहून जास्त फरक असेल तर तशी शक्यता कमी. या दोन जावांच्या जंतूंत किती अक्षरांचा फरक आहे? एकीला दुसरीकडून लागण झाली, की दोघींना त्या तळावरच्या तिसऱ्याच कुणाकडून? तो तिसरा कुणी असेल, तर तो आज कुठल्या कारखान्यावर आहे? हे विचारायला आमच्याकडे कुणी आलं नाही, आणि आलं असतं तरी उत्तर देता आलं नसतं. यासाठी मात्र निवडक जनुकं पुरत नाहीत, सगळी ४४ लाख अक्षरं वाचावी लागतात. ते नळीत वाढलेल्या जंतूतून सहज होतं.

दोघींचे जंतू आमच्या उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये, एकाच खोक्यात, शेजारी-शेजारी ठेवलेले आहेत. लेबलं मीच लिहिली आहेत. कुठे पाठवायचे ते कळवा. त्याच दिवशी बांधून देते.

आपली नम्र,
टीबी कल्चर लॅबमधली एक तंत्रज्ञ